वॉटीनं बुडवलेलं कुत्रं

एडिंबराच्या लीथ बंदरात वॉल्टर इम्री या नावानं चौकशी केलीत तर दोन-चार जण डोकं खाजवतील. 'बुडव्या वॉटी' म्हणालात, तर गोदीच्या फाटकापासून पुलापर्यंत कुणीही तुम्हाला हाताला धरून त्याच्या शेडपाशी आणून सोडेल. कुणाचा पैसा त्याने कधी बुडवला नाही. तो दरवाजे बुडवायचा.

सत्तर साल उलटलं आणि एडिंबरातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना उघड्या लाकडाचं वेड लागलं. आज्या-पणज्यांनी हौसेने रंगवलेले दरवाजे, कपाटं, खिडक्यांच्या झडपा, सगळ्यांचा रंग काढून आतलं पाइनचं लाकूड कसं पिवळंधमक दिसलं पाहिजे! वॉटीने दारूच्या भट्टीवाल्यांनी मोडीत काढलेला एक लोखंडी हौद आणला, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी भरलं आणि शेडवर पाटी ठोकली. संध्याकाळी दरवाजा आत, सकाळी बाहेर. वरून नळीने पाणी मारलं की शंभर वर्षांचा रंग शेवाळासारखा ओघळून जायचा. ते दरवाजे मग थंडीत उघड्या अंगाने उभ्या केलेल्या माणसांसारखे दिसायचे, पण गिऱ्हाईक खूश आणि वॉटीही खूश. त्याच्या बुटांना भोकं पडली, बोटांची कातडी सोलवटली, भुवया तर एकदा पार उडाल्या. तरी त्याला आपल्या हौदाचा मोठा अभिमान.

त्याची बायको सेंगा बिस्किटांच्या कारखान्यात होती. बाई अंगाने किडकिडीत, पण जिभेने दहा जणींना पुरून उरणारी. नवरा घरी आला की ती आधी त्याचे बूट दाराबाहेर ठेवायला लावायची आणि मग विचारायची, "आज कुणाची अब्रू घालवलीस रे?"

सेंगाचं माहेर किनाऱ्याजवळच्या एका गल्लीत, चार मजली दगडी इमारतीत तळाला होतं. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून दारू आणणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ती इमारत बांधली होती. व्यापारी गेले, मग एकेका दिवाणखान्याचे तीन-तीन तुकडे झाले आणि त्यांत गोदीतली माणसं राहायला आली. छताची नक्षी पार्टिशनने मधोमध कापली गेली, पण प्रत्येक मजल्यावर शेकोटीभोवतीची लाकडी चौकट मात्र तशीच राहिली. दोन बाजूंना दोन खांब, वर आडवी पट्टी, तिच्यावर घड्याळ नि चहाचा डबा ठेवायला फळी. पट्टीच्या दोन्ही टोकांना काहीतरी उंचवटे होते आणि मधोमध एक मोठा उंचवटा. तो मधला उंचवटा म्हणजे स्टूरी.

स्टूरी हे कुत्रं होतं. अंग मुडपून, शेपटी वर वळवून झोपलेलं, एक कान खाली लोंबणारं. तसं ते सेंगाला चार वर्षांची असल्यापासून दिसत होतं, आणि एकदा तिने दाखवल्यावर घरात सगळ्यांनाच दिसायला लागलं. त्याच्यावर कायम धूळ बसायची, आणि धुळीला लीथमध्ये 'स्टूर' म्हणतात, म्हणून हा स्टूरी. शाळेत परीक्षेला जाताना सेंगा त्याच्या कानाला हात लावून जायची. तिचे वडील डूगल गेडीज गोदीत रंगारी होते. नवीन जहाजाच्या चाचणीला समुद्रावर जायचं असलं की तेही गुपचूप कानाला हात लावायचे आणि कुणी पाहिलं की फळीवरची काडेपेटी शोधत असल्याचा आव आणायचे.

या डूगलमुळेच त्या इमारतीत एक रीत पडली होती. वर्ष सरायच्या आत घर लख्ख झालंच पाहिजे, हा आमच्याकडचा धर्मच. राख काढायची, पितळ घासायचं, उसनं आणलेलं परत करायचं आणि शेकोटीच्या चौकटीला रंगाचा एक हात द्यायचा. रंग कुठला? तर त्या वर्षी गोदीत जे जहाज असेल त्याचा. डिसेंबरात डूगल जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून रंगाचा एक डबा घरी आणायचे. कसा आणायचे हे कुणी विचारत नसे. डबा एकदा फोडला की वाळून जाणार, म्हणून तो तळमजल्यापासून सुरू होऊन घराघरातून वर चढत जायचा. खाली बेथिया गेडीज, म्हणजे सेंगाची आई, तिचं झालं की पहिला मजला, मग दुसरा, आणि शेवटी अगदी वरच्या मजल्यावर टॉरन्सबाईंच्या वाट्याला तळाचा घट्ट साका यायचा. टॉरन्सबाई दरवर्षी जिन्यातून खाली ओरडायच्या, "बेथिया, यंदा तरी मला रंग ठेव, बाई! मी काय डबा चाटून रंगवू?"

त्यामुळे त्या इमारतीत कुठल्याही घरात जा, शेकोटी एकाच रंगाची. युद्धाच्या वर्षांत सगळ्या राखाडी. मग एका वर्षी कुठल्याशा केळ्यांच्या जहाजाचा पिवळा, एका वर्षी हिरवा. एकदा तर नुसता शेंदरी, कारण त्या वर्षी डूगलना वरचा रंग मिळालाच नाही, गंज लागू नये म्हणून लोखंडाला देतात तो आतला हात तेवढा मिळाला. त्या वर्षी सगळ्या इमारतीने शेंदरी शेकोटीसमोर नवं वर्ष साजरं केलं आणि स्टूरी जळक्या सॉसेजसारखा दिसला.

डूगल आधी गेले आणि चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात बेथियाही गेली. घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा सेंगाने भांडीकुंडी भावजयीला दिली, पलंग शेजाऱ्यांना दिला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला ती चौकट काढून दे. बाकी काही नको."

वॉटीने ती काढली. खिळा न् खिळा हाताने उपसला. आणि इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढे त्याच्यातला कारागीर जागा झाला, तिथे घात झाला. बायकोला अशी गिचमिड रंगांची चौकट द्यायची? आपल्या हातात कला असताना? त्याने ठरवलं की सेंगाला चकित करायचं. शुक्रवारी संध्याकाळी त्याने ती चौकट मायेने, दोरीला बांधून, हौदात सोडली.

शनिवारी दुपारी वर काढली तर लाकूड सुरेख निघालं होतं, पण मधे सपाट. दोन्ही टोकांना सपाट. पट्टीवर जिथे जिथे उंचवटे होते तिथे नुसते फिकट डाग. वॉटीने हौदात काठी ढवळून पाहिली. तळाशी लापशीसारखा लगदा लागला. त्या जुन्या कारागिरांनी नक्षी लाकडात कोरलेली नव्हतीच, हे त्याला त्या दिवशी कळलं. खडूची भुकटी, सरस आणि राळ एकत्र मळायची, साच्यात दाबून नक्षी पाडायची आणि लाकडावर चिकटवायची. असल्या गोष्टीला कॉस्टिकच्या पाण्यात रात्रभर ठेवणं म्हणजे बिस्किट चहात विसरणं.

सेंगा शेडमध्ये आली, तिने चौकट पाहिली. त्या डागावरून एकदा हात फिरवला. वॉटी म्हणत होता ते तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मग म्हणाली, "स्टूरी पळाला वाटतं," आणि घरी जाऊन बटाटे सोलायला बसली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तिने त्याचा विनोद केला. तीच उघडीबोडकी चौकट तिने दिवाणखान्यात बसवून घेतली आणि नवं कुणी घरात आलं की, अगदी चहाचा पहिला घोट घेऊन व्हायच्या आत, सांगायची, "ती बघितलीत? माझ्या नवऱ्याने कुत्रं बुडवून मारलं ते तिथेच." पाहुणे दचकायचे, मग गोष्ट ऐकून पोट धरून हसायचे. वॉटीही हसायचा. तेवीस वर्षं हसला. पण प्रत्येक वेळी सेंगाचा हात सांगता सांगता त्या फिकट डागाकडे जायचा आणि जागेवर काही नाही म्हणून परत यायचा. ते फक्त वॉटीला दिसायचं.

त्या शनिवारनंतर त्याने हौदात पुन्हा एकही चौकट सोडली नाही. उलट गिलाव्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मागे लागून तो नक्षीचं काम शिकला. दवाखान्यातल्यासारख्या छोट्या सुऱ्या, दातांच्या डॉक्टरने टाकून दिलेले वाकड्या टोकाचे आकडे, असलं सामान घेऊन एकेक थर हाताने काढायचा. पुढे हौदही भंगारात गेला. शहरातली मोठमोठी माणसं आपापल्या चौकटी त्याच्याकडे आणायला लागली. त्याने खडूच्या परड्या, खडूचे शंख, खडूच्या परीराण्या शेकड्यांनी मोकळ्या केल्या. नाव मात्र बुडव्याच राहिलं. लीथमध्ये एकदा चिकटलेलं नाव कॉस्टिकनेही निघत नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात एका दुपारी लॅकी आपला ट्रक घेऊन शेडपुढे आला. लॅकी जुन्या इमारती आतून मोडून काढायच्या कंत्राटावर मुकादम होता. तिशीचा, लाल केसांचा, आणि ज्याला गप्प बसायचं औषध अजून निघायचं आहे असा.

"वॉटीकाका, झोपलात काय? उतरवून घ्या तुमचं माहेर!"

"माझं कसलं माहेर रे?"

"तुमचं नाही तर काकूंचं. त्यांच्या गल्लीतली ती इमारत आम्ही घेतलीय. आता तिथे पैसेवाले राहणार, काचेचं न्हाणीघर काय नि काय. ही अगदी वरच्या मजल्यावरची. सरळ जाळणार होती पोरं. मी म्हटलं, थांबा रे, आमच्या बुडव्याकाकांना दाखवू."

ताडपत्री बाजूला झाली आणि पुढे आलेला वॉटी तिथेच उभा राहिला. तीच चौकट. तीच रुंदी, तेच खांब. एकाच सुताराने एकाच दिवसात सगळ्या मजल्यांसाठी केलेली. आणि मधोमध, बोटभर जाड रंगाखाली, अंग मुडपून, शेपटी वळवून, एक कान लोंबवून झोपलेला स्टूरी.

"काय झालं हो?" लॅकी म्हणाला. "भूत बघितल्यासारखे काय उभे राहिलात?"

"कुत्रं बघितलं," वॉटी म्हणाला. "आणि हे बघ लेका, काकूपाशी एक अक्षर बोललास तर तुझे लाल केस हौदात घालीन."

"हौद आहे कुठे आता?"

"तुझ्यासाठी नवा आणेन."

वॉटीने पक्कं ठरवलं. नव्या वर्षाच्या सकाळपर्यंत ही चौकट दोनशे वर्षांपूर्वी होती तशी करायची. स्टूरीचा केस न् केस दिसला पाहिजे. मग ती बोडकी चौकट काढायची, ही बसवायची आणि सेंगाला हाक मारायची. तेवीस वर्षांचं ओझं एकदाचं खाली ठेवायचं. चौसष्ट वर्षांच्या माणसाचे हात आधीसारखे राहत नाहीत, पण हे एक काम जमलं तर पुढे सुरी हातात धरली नाही तरी चालेल असं त्याला मनापासून वाटत होतं.

रोज सकाळी तो शेडमध्ये जायचा, तोंडाला मास्क लावायचा, कारण जुन्या रंगात शिसं असतं, आणि कामाला लागायचा. आधी डावं टोक घेतलं. वर पांढरा, त्याखाली मलईसारखा, त्याखाली तपकिरी. मग एकेक करून गोदीची वर्षं यायला लागली. हिरवा. केळ्यांच्या जहाजाचा पिवळा. शेंदरी दिसला तेव्हा तो एकटाच मोठ्यांदा हसला. मग राखाडी, राखाडी, राखाडी, सहा थर. टॉरन्सबाई खोटं बोलत नव्हत्या, प्रत्येक थर साक्याचा, दाट आणि खडबडीत होता. तीन आठवड्यांनी डाव्या टोकाला दोन कानांची एक इवलीशी सुरई मोकळी झाली. तिच्यावर द्राक्षाची पानं होती आणि पानांच्या शिरासुद्धा मोजता येत होत्या. एवढं स्वच्छ काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. त्याने लॅकीला मुद्दाम बोलावून दाखवलं. लॅकीही चक्क दोन मिनिटं गप्प राहिला.

सेंगाला काहीतरी शिजतंय याचा वास आलाच होता. जेवताना ती म्हणायची, "शेडमध्ये कुणी ठेवलीयस का रे?"

"हो. दोनशे वर्षांची आहे."

"मग ठीक आहे. तुझ्या वयाला शोभते."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वॉटीने मधल्या उंचवट्याला सुरी लावली. सुरुवात शेपटीच्या टोकाकडून, कारण तिथे चूक झाली तर सावरता येते. दोन दिवसांत इंचभर जागा मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी त्याने चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला आणि पुन्हा पाहिलं. शेपटीवर विणकाम होतं. वेताची पट्टी खालून-वरून, खालून-वरून. तो घाईघाईने पोटाच्या बाजूला गेला, रंगाचा एक छोटा टवका उडवला. तिथेही वीण. त्याने मागे सरून सगळ्या उंचवट्याकडे नजर लावली आणि मग ते त्याला असं दिसलं, की पुन्हा न दिसायची सोयच उरली नाही. ते अंग म्हणजे आडवी पडलेली टोपली होती. शेपटी म्हणजे तिची मूठ. डोकं म्हणजे बाहेर सांडलेला द्राक्षांचा घोस आणि लोंबता कान म्हणजे एक पान. दारूच्या व्यापाऱ्यांचं घर, त्यांच्या शेकोटीवर द्राक्षांची टोपली नाही तर काय असणार? कुत्रं तिथे कधीच नव्हतं. तीस-चाळीस डिसेंबरांनी थरावर थर देऊन टोपलीची वीण बुजवली, घोसाचे मणी बुजवले, तेव्हा कुठे त्यातून स्टूरी जन्माला आला होता.

वॉटी स्टुलावर बसला. हातात सुरी तशीच. आणखी महिनाभर तो असाच कोरत गेला असता तर शहरातल्या संग्रहालयानेही मागणी घातली असती अशी चौकट झाली असती. आणि स्टूरी दुसऱ्यांदा मेला असता, त्याच माणसाच्या हातून, या खेपेला चांगला हळूहळू, तासून तासून. शेपटीचं टोक तर गेलंच होतं. त्याला स्वतःची एवढी चीड आली की त्याने सुरी भिंतीवर फेकली. मग उठून ती उचलली, पुसली आणि जागेवर ठेवली. वॉटीला राग आला तरी हत्यार धुळीत पडलेलं चालत नसे.

दोन दिवस तो शेडकडे फिरकला नाही. घरात खुर्चीत बसून राहिला. सेंगाने पहिल्या दिवशी त्याचं कपाळ हाताने बघितलं. दुसऱ्या दिवशी स्कोनच्या छोट्या पावावर लोणी लावून त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसली.

"बोल."

"काही नाही गं."

"वॉटी इम्री, तू शेवटचा असा बसला होतास तो पंचाहत्तर साली. काय बुडवलंस?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. त्याने कोट अंगात घातला, तिचा कोट खुंटीवरून काढून तिला दिला आणि तिला घेऊन शेडमध्ये आला. दाराशी म्हणाला, "डोळे मिट."

"या वयात?"

"मिट गं बाई."

तिने मिटले. वॉटीने तिचा उजवा हात धरला आणि पट्टीच्या मधोमध नेऊन ठेवला. तिची बोटं क्षणभर तशीच राहिली. मग ती आपली आपण चालायला लागली. पाठीवरून, मानेवरून, आणि न चुकता त्या लोंबत्या कानावर येऊन थांबली. सेंगाने डोळे उघडले नाहीत. फक्त खालचा ओठ दातांत धरला. तेवीस वर्षांत वॉटीने तिला कुत्र्यासाठी रडताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"टॉरन्सबाईंची?" तिने विचारलं.

"त्यांचीच."

"तरीच हा एवढा जाडजूड. साका पचवून पचवून." तिने नाक पुसलं. बोटं परत पाठीवरून मागे जायला लागली. बोटं शेपटीशी पोचली आणि अडखळली. तिने डोळे उघडले.

"हे काय?"

"सेंगा, मी घासत होतो. तुला केस न् केस दाखवायचा होता. पण केस नाहीत. बघ ना, वीण आहे. ती टोपली आहे. ही मूठ, हा घोस, हे पान. कुत्रं नव्हतंच गं. आणि मला कळेपर्यंत शेपटी गेली." तो हे सगळं एका दमात बोलला आणि बुटांकडे बघत राहिला. "मी पुन्हा तेच केलं."

सेंगाने दिवा ओढून घेतला. चष्मा लावला. मोकळ्या झालेल्या इंचभर विणीकडे बराच वेळ पाहिलं. मग पूर्ण उंचवट्याकडे.

"टोपली आहे खरी," ती म्हणाली.

वॉटीने मान हलवली.

"म्हणजे तो इतकी वर्षं टोपलीवर झोपत होता. तरी म्हटलं, लाकडावर कुत्रं एवढं सुखाने झोपेल कसं!"

वॉटीने वर पाहिलं. ती थट्टा करत होती, पण त्याची नाही. हा फरक कळायला चाळीस वर्षांचा संसार लागतो.

"शेपटी बसवता येईल?" तिने विचारलं.

"खडू आणि सरस आहे माझ्याकडे, वीण बुजवता येईल. पण मग बाकीचं? सगळी नक्षी अशीच रंगाखाली ठेवायची? सेंगा, खाली काय काम आहे तुला माहीत नाही. ही सुरई बघ. ही पानं बघ."

तिने सुरई पाहिली. अगदी नीट, जवळून, एकेक पान. "सुंदर केलीस रे," ती म्हणाली, आणि हे तिने आयुष्यात त्याच्या कुठल्याही कामाला म्हटलेलं नव्हतं. "ही अशीच राहू दे. हे टोक तुझं. बाकीचं माझ्या आईचं. आता मला सांग, तुझ्याकडे राखाडी रंग आहे?"

"माझ्याकडे? मी आयुष्यात रंग लावलाय कधी?"

तेही खरंच होतं. लीथमधल्या निम्म्या घरांचा रंग काढलेल्या या माणसाकडे रंगाचा एक डबा नव्हता. ब्रशही नव्हता. शेवटी लॅकीने कुठल्याशा दुरुस्तीला आलेल्या बोटीवरून एक डबा आणला, जहाजी राखाडी, झाकणाला गंज चढलेला. कसा आणला हे कुणी विचारलं नाही.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात सेंगाने घर लख्ख केलं, पितळ घासलं, शेजारणीचा काचेचा बाउल परत केला. बोडकी चौकट निघून शेडमध्ये गेली. वॉटी आता तिच्यावर आपल्या सुऱ्या ठेवतो. तिच्या जागी ही बसली. खडूची नवी शेपटी वाळली होती. वॉटीने डब्याचं झाकण उचकटलं आणि ब्रश घेऊन असा उभा राहिला, की जणू हातात जिवंत मासा आहे.

"अरे, असा काय धरलायस? बाबा कसे धरायचे माहितीय? असा. आणि घाबरू नकोस, तो चावत नाही."

"पहिला हात तू दे."

"नाही. तूच काढलास, तूच लाव."

वॉटीने ब्रश बुडवला, काठाला निथळवला आणि स्टूरीच्या पाठीवरून पहिला पट्टा ओढला. खडूची नवी शेपटी, आणि तिच्या पोटातली वीणही, त्या पट्ट्याखाली गेली. त्याला वाटलं होतं की आपल्याला फार वाईट वाटेल. तसं थोडं वाटलंही. पण शेपटी, अंग, डोकं, कान असं सगळं एका रंगाचं होत गेलं आणि समोर ते कुत्रं पुन्हा गाढ झोपी गेलं, तेव्हा तो ब्रश बाजूला ठेवून खुशाल शीळ घालायला लागला. सेंगाने डावीकडचं टोक चिकटपट्टी लावून आधीच झाकलं होतं, त्याच्या सुरईवर एक थेंबही उडू नये म्हणून. उरलेला रंग तिने भांड्यात ओतून वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे नेला. शेजारणीला वाटलं की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, पण तिने मुकाट्याने आपली खिडकी रंगवली.

नव्या वर्षाच्या सकाळी पहिला आला लॅकी. हातात शकुनाचा कोळशाचा तुकडा आणि फळांचा काळा केक, आणि डोकं उघडं. सेंगाने दार अर्धं उघडून त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"लाल केसांचा माणूस पहिला घरात? वर्ष वाया घालवायचंय का माझं? थांब तिथेच." ती आत गेली, वॉटीची काळी लोकरीची टोपी आणली आणि त्याच्या कानांपर्यंत ओढून घातली. "हं, आता काळ्या केसांचा झालास. ये."

त्याच्यामागे त्याची नवी नवरी होती, ग्लासगोकडची, या घरात पहिल्यांदाच येणारी. वॉटी स्वयंपाकघरात व्हिस्कीचे छोटे पेले भरत होता. तेवीस वर्षांच्या सवयीने त्याने मनाशी तयारी केली. आता चहाचा पहिला घोट, आता ती गोष्ट, आता हशा.

"अय्या, शेकोटी किती छान!" बाहेरून त्या पोरीचा आवाज आला. "पण एका टोकालाच नक्षी का? आणि मधे हे काय, कुत्रं आहे का?"

वॉटीचा हात पेल्यावर थांबला.

"कुत्रंच," सेंगा म्हणाली. "स्टूरी त्याचं नाव. कानाला हात लाव त्याच्या, वर्ष चांगलं जातं."

"पण काकू," लॅकीला राहवलं नाही, "काकांनी बुडवलं ना ते?"

"कुणी सांगितलं तुला?" सेंगा ठसक्यात म्हणाली. "माझ्या नवऱ्याने कुणाला बुडवलं नाही. वरच्या मजल्यावर टॉरन्सबाईंकडे राहायला गेला होता तो. वॉटीनेच घरी आणला."

स्वयंपाकघरात वॉटीने भरलेले चारही पेले ताटलीत ठेवले, आणि ती बाहेर नेण्याआधी थोडा वेळ तिथेच, नळाकडे तोंड करून उभा राहिला.